दोन जावा आणि पंच्याहत्तर ग्रॅम

गेल्या वर्षीचा २ जुलै, मंगळवार, सकाळचे नऊ वाजून बारा मिनिटे. माझ्या नोंदवहीत त्या वेळेची नोंद आहे : 'रेखा, वय २९, चोविसावा आठवडा, ग्लास दिला.' तिच्याखाली चार मिनिटांनंतरची : 'वैजयंती, वय २३, सव्विसावा आठवडा, ग्लास दिला.' नऊ एकवीसला दोन्ही ग्लास रिकामे परत आले, तेही लिहिलेले आहे. अक्षर नेटके, खाडाखोड नाही. माझ्या पाच वर्षांच्या नोकरीतली ही सर्वांत स्वच्छ नोंद, आणि सर्वांत चुकीची.

मी आहारशास्त्रात एम. एस्सी. केले आणि एका संस्थेच्या माता-आरोग्य प्रकल्पात रुजू झाले. आठवड्याचे तीन दिवस पेणच्या बाजूची गावे, दोन दिवस रोहा, राहायला वरसे. गावांत मला 'गोळ्यांची मॅडम' म्हणतात. सुरुवातीला हे नाव मला खटकत असे, कारण मला पुढे संशोधन करायचे होते, आणि आजही करायचे आहे. पण नावात तथ्य आहे. गरोदर बाईला लोह, फॉलिक अ‍ॅसिड, कॅल्शियम या गोळ्या मिळतात. त्या देणे दोन मिनिटांचे काम. गोळी हातातून पोटात आणि पोटातून रक्तात उतरेपर्यंत तिच्या वाटेत काय काय आडवे येते, ते शोधणे हे माझे खरे काम. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली की निम्मी वाया जाते. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतले की दोघे एकमेकांची वाट अडवतात. लोहाने शौचाला काळे होते, त्याला घाबरून गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवणाऱ्या सुना मी पाहिल्या आहेत, आणि तो डबा माझ्यासमोर उपडा करणाऱ्या सासवाही.

या कामातला माझा पहिला गुरू मला रोह्याजवळच्या धाटावने दिला. नरेश तिथल्या एका रसायन कारखान्यात पाळीने काम करी. बायकोबरोबर रोह्याच्या तपासणीला आला तेव्हा त्याच्या हातात कंपनीच्या लॉगशीटसारखा आखलेला कागद होता. पहिली पाळी : लोह. दुसरी पाळी : कॅल्शियम. प्रत्येक चौकोनात वेळ आणि सही. बायको मान खाली घालून हसत होती.

"मॅडम, दोन मटेरियल एका वेळी टाकीत चार्ज करायची नायत, एवढं मला समजलं," तो म्हणाला. "पण तुमच्या वहीत एक कमी हाय."

"काय?"

"तुम्ही किती गोळ्या दिल्या ते लिहिता. आमच्याकडं टाकीत किती टाकलं, यावर कोणी विश्वास ठेवीत नाय. टाकून झाल्यावर ड्रममध्ये उरलं किती, ते लिहितात. माणूस खोटं बोलंल, ड्रम नाय बोलणार."

"मला ड्रम म्हणतो बघा," बायको म्हणाली.

मी हसले. 'पहिली पाळी, दुसरी पाळी' हा शब्दप्रयोग मात्र उचलला. धाटावच्या परिसरात तो इतका चपखल बसला, की लोह आणि कॅल्शियम का वेगळे घ्यायचे, हे मला तिथे पुन्हा समजावून सांगावे लागले नाही. त्याचे दुसरे वाक्य मी गंमत म्हणून सोडून दिले. ते उचलायला मला आणखी साडेतीन वर्षे लागली.

आता त्या ग्लासाविषयी. गरोदरपणात वार, म्हणजे बाळाला आईशी जोडणारा अवयव, अशी काही संप्रेरके सोडते, की आईच्या शरीरातल्या इन्शुलिनचा जोर कमी पडतो. बहुतेक बायकांचे शरीर जास्त इन्शुलिन तयार करून ते भागवते. काहींचे भागवू शकत नाही. मग आईच्या रक्तातली जादा साखर बाळाकडे जाते, बाळ गरजेपेक्षा मोठे वाढते आणि शेवटच्या आठवड्यांत त्याच्या जिवाला धोका संभवतो. आईला यातले काहीही जाणवत नाही. ना दुखणे, ना ताप. म्हणून चाचणी : पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज ग्लासभर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचे, दोन तास बसायचे आणि रक्त तपासायचे. आकडा एकशेचाळीस किंवा त्याहून जास्त आला, तर गरोदरपणातला मधुमेह. सोपी, स्वस्त, सुंदर चाचणी. तिचे एकच मागणे असते : ज्या बाईचे रक्त, तिनेच सगळे प्यायले पाहिजे.

रेखा आणि वैजयंती या पेणजवळच्या जोहे गावच्या एका गणपतींच्या कारखान्यातल्या सख्ख्या जावा. घर आणि कारखाना एकाच छपराखाली. थोरली रेखा मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करी, आणि त्या कारखान्यात आखणीचा हात तिच्या एकटीचा होता. धाकटी वैजू पीतांबर आणि शेले रंगवी. दोघी एकदमच गरोदर राहिल्या, यावर आमच्या आशा कार्यकर्त्या मालनताई म्हणायच्या, "एकाच साच्यातून काढल्यासारख्या!" मालनताई त्या गावात वीस वर्षे फिरत होत्या. मला न दिसणारे बरेच त्यांना दिसे, आणि ते त्या मला विचारल्याशिवाय सांगत नसत.

रेखाचे हे दुसरे बाळंतपण होते. पहिले मूल दिवस भरत आले असताना पोटातच गेले होते. कार्डावर वजन लिहिलेले होते : चार किलो दोनशे. त्या वेळी साखरेची तपासणी झाली नव्हती. मी तो आकडा पाहिला आणि मला वाटले, कारण मला कळले. म्हणूनच त्या मंगळवारी जोह्याच्या तपासणीत रेखाच्या ग्लासावर माझे सगळे लक्ष असायला हवे होते. प्रत्यक्षात ग्लास हाती देऊन मी बाकीच्या सात जणींकडे वळले आणि फळ्यावर भाताच्या ताटाचे चित्र काढून चार कप्पे समजावू लागले. वळण्यापूर्वी एक ताकीद मात्र दिली : "उलटी झाली तर चाचणी फुकट. उद्या पुन्हा यावं लागेल."

दोन तासांनी रेखाचा आकडा आला एकशे अठरा. वैजूचा एकशे अठ्ठेचाळीस.

रेखाने विचारले, "नक्की ना, ताय? माझं बरोबर हाय ना?"

मी यंत्राच्या पडद्यावर बोट टेकवले. "हे बघा. आकडा खोटं बोलत नाही."

तिने डोळे मिटून हात जोडले. मला की यंत्राला, ते समजले नाही. बरोबर आलेल्या सासूबाईंनी लगेच धाकटीकडे मोर्चा वळवला. "मी बोल्ले नव्हते? पेढ्याचा बॉक्स आणा, का हिचा हात आत. थोरली बघ! लग्नाला आठ वर्सं झाली, गोडाला तोंड लावत नाय. गोड बघितलं का हिला मळमळतं." 

सासूबाईंच्या त्या शेवटच्या वाक्यात सगळे होते. मी ते ऐकले आणि वहीत लिहिले नाही, कारण त्यासाठी रकाना नव्हता.

वैजूला मी नियमाप्रमाणे आहार लावून दिला. भात एक वाटी, वालाची उसळ दोन वाट्या, माठ नाहीतर शेवग्याचा पाला, अंडे किंवा मासळी, दर तीन तासांनी थोडे. रक्त तपासायचे छोटे यंत्र मालनताईंकडे ठेवले. आकडे येत गेले : ब्याण्णव, सत्त्याण्णव, एकोणनव्वद, एकशे एक. मला आनंद झाला. 'आहाराला उत्तम प्रतिसाद,' असे मी लिहिले, आणि आमच्या प्रकल्पाच्या निरीक्षणांचा जो गोषवारा मी एका परिषदेसाठी पाठवणार होते, त्यात वैजूचा तक्ता उदाहरण म्हणून घातला. गोषवारा स्वीकारला गेल्याचे पत्रही आले.

मालनताईंनी सहाव्या आठवड्यात फोन केला. "मॅडम, तुमची वही काय बोलते ते मला ठाव नाय. पण धाकटी वाळत चालली, आन् थोरलीचं पोट तिच्या पुढं गेलं. दिवस तर धाकटीचे जास्त हायत."

मी १३ ऑगस्टला जोह्याला गेले. निघण्यापूर्वी मी सगळ्या शक्यता तपासून ठेवल्या होत्या. यंत्र बिघडले असेल, म्हणून नियंत्रण-द्रावणाने ते पडताळले, ठीक होते. नावे बदलली असतील, म्हणून पट्ट्यांचा क्रम पाहिला, ठीक होता. वेळा बरोबर होत्या. एका शक्यतेचा विचार मात्र माझ्या डोक्यात आला नव्हता, कारण ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गणपती पंचवीस दिवसांवर आलेले. वैजू मूर्तींच्या रांगेपुढे स्टुलावर बसली होती, गालफडे बसलेली. रेखा तिच्या हाताखाली मदत करत होती, कारण आखणीच्या मूर्ती अजून वाळल्या नव्हत्या. मी टेप काढून रेखाचे पोट मोजले. तिसाव्या आठवड्याला साधारण तीस सेंटिमीटर अपेक्षित असतात; तेहेतीस भरले. रेखाने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. मी टेप गुंडाळत त्यांचे काम पाहू लागले.

दोघींच्या हातात पिवळ्या रंगाची एकेक वाटी होती. दोघी पाठीला पाठ लावून रंगवत होत्या. मध्येच रेखाने मान न वळवता आपली वाटी मागे नेली आणि तिच्यातला निम्मा रंग वैजूच्या वाटीत ओतला. वैजूने न बघता वाटी पुढे धरली होती.

"हे कशाला?" मी विचारले.

"रांगेतल्या पीतांबराचा रंग एक यायला पायजे ना," वैजू म्हणाली. "एकीच्या वाटीत घट्ट, एकीच्या वाटीत पातळ, असं चालत नाय. सारखं करीत ऱ्हायचं. आता सवयच झालीय. ताटात पण करतो आमी."

मी शेजारच्या स्टुलावर बसले. "वैजू, त्या दिवशी ग्लासाचंही केलंत का?"

कारखान्यात रेडिओ चालू होता. कोणीतरी तो बंद केला. रेखाने वाटी खाली ठेवली.

"सांग गो," ती वैजूला म्हणाली. "नायतर मी सांगते."

"वयनीला दोन घोटांतच उमळून आलं," वैजू म्हणाली. "तुमी बोललात, उलटी झाली तर उद्या परत. आन् दुसऱ्या दिवशी नाशिकची गाडी भरायची होती, चाळीस मूर्तींचे डोळे बाकी. वयनीशिवाय कोण करणार? मीच बोलले, द्या इकडं. मला गोड आवडतं. निम्मा मी प्यायले. तुमचं तोंड फळ्याकडं होतं."

"निम्मा?"

"निम्म्याहून थोडा जास्तच."

सगळे गणित एका क्षणात जागेवर बसले. रेखाच्या पोटात निम्मे ग्लुकोज, म्हणून तिचा आकडा खोटा कमी. वैजूच्या पोटात दीडपट, म्हणून तिचा खोटा जास्त. निरोगी मुलगी सहा आठवडे अर्धपोटी राहिली होती, सासूचे टोमणे ऐकत. आणि जिला खरोखर जपायला हवे होते, तिला मी पडद्यावर बोट टेकवून घरी पाठवले होते.

मला राग आला होता. तो कोणावर, हे ठरवण्याआधीच रेखा बोलली. "म्हंजे माझं पयलं... तसंच होणार का, ताय?"

 मी खरे होते तेच सांगितले. "ठाऊक नाही. पहिल्या वेळी कोणाजवळ आकडा नव्हता. आज आपल्याला तो मिळू शकतो. दोन तास लागतील. आणि चूक माझी आहे. मी ताकीद दिली, पण गोड सोसतं का, हे विचारलं नाही."

"आन् जास्त आला तर?"

"तर उपाय आहे. आणि वेळही आहे."

माझ्या पिशवीत ग्लुकोजची पाकिटे होती. सासूबाईंनी थंड पाणी आणले. मालनताईंनी परड्यातले लिंबू तोडले. त्याचे चार थेंब चालतात, हे मी जुलैतही सांगू शकले असते. रेखा भिंतीला टेकून बसली, मालनताई तिच्यासमोर मांडी घालून. "घोट घे, थांब. घोट घे, थांब. घाई नाय, गाडी नाय भरायची आज." वैजू दुसरा ग्लास घेऊन कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला बसली. तिला तिकडे मीच बसवले होते. दोघी मूर्तींच्या रांगेवरून एकमेकींकडे पाहत होत्या. मध्ये चाळीस-पन्नास गणपती, डोळे न काढलेले.

शेवटचा घोट राहिला तेव्हा रेखाचा हात तोंडावर गेला. सासूबाई पुढे झाल्या. मला वाटले, आता त्या बोलतील. त्यांनी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "त्याच्यासाठी, पोरी." रेखाने ग्लास रिकामा केला.

दोन तासांनी : रेखा एकशे शहात्तर. वैजू एकशे चार.

त्याच दुपारी रेखाला मी पेणला डॉक्टरांकडे घेऊन गेले. पंधरा दिवस आहार बदलूनही जेवणानंतरची साखर उतरली नाही, तेव्हा इन्शुलिन सुरू झाले. सासूबाईंचा त्याला विरोध होता. सुई म्हणजे शेवटचा उपाय, असा त्यांचा समज. रेखाने तो वाद दोन दिवसांत संपवला. मी तिला सिरिंज भरायला शिकवू लागले, तर तिने ती माझ्या हातातून घेतली, उजेडाकडे धरली आणि नेमक्या रेषेवर थांबवली. "बुबुळाचा ठिपका याच्याहून बारीक असतो," ती म्हणाली. भात मोजायला तिने कारखान्यातली नवी, कोरी रंगाची वाटी घेतली. माझ्या सगळ्या तक्त्यांपेक्षा ती वाटी त्या घरात जास्त पाळली गेली.

१३ ऑगस्टच्याच संध्याकाळी वैजूने मला फोन केला होता. "मॅडम, दोन येळा भात खाल्ला. आन् सासूनं पेढा दिला. स्वतःच्या हातानं!" मी हसले. पण तिच्या बाळाला त्या सहा आठवड्यांत काय कमी पडले असेल, याचा हिशेब माझ्याजवळ नव्हता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिला मुलगी झाली, दोन किलो सहाशे. डॉक्टर म्हणाले, छान आहे. मी मान डोलावली. पण माझ्या मनावर तिचे वजन त्याहून अधिक आहे, आणि राहील.

परिषदेला मी पत्र लिहून गोषवारा मागे घेतला. कारणाच्या जागी लिहिले : 'चाचणीद्रव्य संबंधित व्यक्तीनेच पूर्ण प्यायल्याची खात्री नाही.' आमच्या प्रकल्पाच्या वरिष्ठांनी विचारले, एवढ्या एका प्रकरणासाठी? मी म्हटले, एक प्रकरण मला कळले; इतर ग्लासांच्या वेळीही माझे तोंड फळ्याकडेच होते. त्यानंतर दोन महिने मी शंका वाटलेल्या बायकांच्या घरोघर पुन्हा गेले. एकीने ग्लासातले थोडे सोबत आलेल्या लेकराला दिले होते. एकीने तुळशीत ओतले होते. एकीही खोटे बोलली नव्हती, कारण मी कोणालाच विचारले नव्हते. आणि विचारल्यावर प्रत्येकीने खरे सांगितले, चहाही दिला, बिनसाखरेचा हवा का ते विचारून. मला प्रयोगशाळेत आकडे घ्यायला शिकवले होते. ज्यांच्याकडून आकडे घ्यायचे, त्यांच्यासमोर बसायला या बायकांनी शिकवले.

मी नरेशलाही फोन केला. त्याची मुलगी तोवर बालवाडीत जायला लागली होती. "ड्रममध्ये उरलं किती, ते आता लिहिते," मी सांगितले. तो म्हणाला, "सही पण घ्या, मॅडम." तेव्हापासून माझ्या वहीत एक रकाना वाढला आहे : 'ग्लासात शिल्लक, मि.लि.' आणि त्याच्यापुढे, समोर बसलेल्याची सही. आता मी फळ्यावर चित्र काढत नाही. मांडी घालून समोर बसते.

रेखाला ऑक्टोबरच्या मध्यावर मुलगा झाला. बाळंतपण मोठ्या रुग्णालयात, ठरवलेल्या दिवशी. मी त्या दिवशी रोह्याला होते. कॅल्शियमच्या पाकिटांवर 'दुसरी पाळी' असे शिक्के मारत होते आणि एकही सरळ पडत नव्हता. दुपारी मालनताईंचा फोन आला. त्यांनी नाव, वेळ काही सांगितले नाही. "रडतोय," एवढेच म्हणाल्या, आणि फोन बाळाजवळ नेला. वजन मागाहून कळले : तीन किलो एकशे वीस.

या आजाराची एक शेवटची पायरी असते, आणि बहुतेक बायका तिच्यापर्यंत येत नाहीत. बाळंतपणानंतर दीड महिन्याने तोच ग्लास पुन्हा प्यावा लागतो. साखर गेली की मुक्काम करून राहिली, हे पाहायला. बाळ हातात आल्यावर स्वतःसाठी दोन तास कोण बसणार? रेखा ३ डिसेंबरला सकाळी पावणेनऊला आली, माझ्याही आधी. बरोबर वैजू, दोघींच्या कुशीत दोन मुले. वैजू खोलीत आली नाही. "मी भायेरच बरी," ती दारातून म्हणाली, "नायतर मॅडम मला पार पेणला नेऊन बसवतील."

रेखाने मुलगा माझ्या मांडीवर ठेवला आणि ग्लास घेतला. चार थेंब लिंबू. घोट, थांब, घोट, थांब. शेवटी तिने ग्लास उलटा करून मला दाखवला. एक थेंबही पडला नाही.

मी नोंद केली. दोन तासांनंतरची साखर : एकशे एकवीस. समोर बसलेल्याची सही : माझी. ग्लासात शिल्लक : ०.